काचेची कड

काचेच्या पेटीची कड स्वच्छ होती. रोजच्यासारखी चहाचा कप घेऊन मी खिडकीशी गेले, उन्हाची तिरीप काचेवर पडली होती आणि काच पार वरपर्यंत लख्ख दिसत होती. एरवी वरची चार बोटं धुरकट असतात, कारण तिथे मी आतून व्हॅसलिनचा पट्टा फिरवते. पट्टा असला की माझी झुरळं वर चढून येतात, त्यांचे पाय घसरतात आणि ती पुन्हा खाली सुक्या पाल्यात जाऊन पडतात. आज पट्टा नव्हता. पाल्यावर एकही झुरळ नव्हतं. झाकण म्हणून वर घातलेली मच्छरदाणीची जाळी मीच काल दुपारी काढून ठेवली होती, कारण या दमट दिवसांत ती सतत घालून ठेवली तर आत बुरशी धरते. घाबरलेलं माणूस काय करील याचा नेम नाही. मी उभ्या उभ्या सगळा चहा घटाघट पिऊन टाकला आणि जीभ भाजून घेतली.

दर शुक्रवारी मी जुना पट्टा साबणाच्या फडक्याने पुसते, त्यात पाल्याचा चुरा अडकलेला असतो, आणि लगेच नवा लावते. एकाच कामाचे हे दोन भाग. काल शुक्रवारच होता. पुसल्याचं मला आठवत होतं, फडकं गार होतं हेसुद्धा आठवत होतं. मग बोटावर व्हॅसलिन घेतलं, ते कडेवरून फिरवलं, कोपऱ्यात बोट अडतं तसं अडलं, आणि तेवढ्यात बेल वाजली आणि वन्सं आल्या. असं मला आठवत होतं. पण कोपऱ्यात बोट अडणं हे कालचं की त्याच्या आधल्या शुक्रवारचं? दर आठवड्याला करायच्या कामाची वेगळी आठवण कुठे राहते? एकावर एक चढवलेल्या पोळ्यांतली कालची कुठली हे कसं ओळखायचं? समोर काच होती, आणि काच सांगत होती की नलिनीबाई, तुम्ही पुसलंत, बेल वाजली, आणि पुढचं तुम्ही साफ विसरलात. व्हॅसलिनची डबी उघडून पाहिली. आत बोटाचा खळगा होता. तो तर नेहमीच असतो.

लोकांनी हसायच्या आधी मीच सांगते, मी झुरळं पाळते. स्वयंपाकघरात सिंकखाली धावतात ती नव्हेत. त्यांच्यासाठी मी बाजारातून जेल आणून लावते आणि ती उताणी पडलेली दिसली की मला बरं वाटतं. माझी रानातली आहेत. हे गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी कुडाळजवळच्या आमच्या गावी गेले होते, दिरांबरोबर बागेतून फिरताना काजूच्या पाल्यात एक काळा कुळकुळीत किडा दिसला. अंगठ्याच्या पेराएवढा, आणि पाठीवर पांढरे ठिपके, सात, अगदी मोजून काढल्यासारखे. शेजारी आणखी दोन होते. एवढा नीटनेटका जीव मी त्याआधी पाहिला नव्हता. खाजं संपून रिकाम्या झालेल्या डब्यात पाला घातला, झाकणाला भोकं पाडली आणि तिघांना मुलुंडला घेऊन आले. भुंगे आणलेत, असं लेकीला सांगितलं. महिनाभर ते भुंगेच होते. मग श्रुतिका अंधेरीहून आली, तिने फोनवर फोटो काढून शोधलं आणि किंचाळली, "आई, ईऽऽ, हे झुरळ आहे गं!" त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. ज्याला मी तळहातावर घेतलं होतं, ज्याच्याशी मी बोललेही होते, ते झुरळ होतं. सकाळी उठून पाहिलं तर ठिपके तेवढेच होते आणि चालही तीच होती, थोडी घाईची, थोडी दिमाखाची. मी काकडीची फोड घातली. ते तिघंही फोडीवर चढले. मग मीही पोहे करून खाल्ले.

त्यानंतर पिढ्या झाल्या. मादी तूरडाळीच्या दाण्याएवढी तपकिरी पुडी मातीत सोडून जाते, त्यातून पिल्लं निघतात आणि वर्षभर पाल्याखालीच राहतात. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. आपण पाणी फवारायचं, चिमूटभर ओट्स टाकायचे, सुका पाला आणून घालायचा आणि आत काहीतरी चाललंय असं धरून चालायचं. एकट्या बाईला हे फार बरं असतं, खरंच सांगते. घरात कुठेतरी आवाज न करता काहीतरी वाढतंय आणि त्याला माझी गरज आहे, पण ते माझ्या डोक्यावर बसत नाही. सोसायटीत मी सांगितलंय की पेटीत खत करते. मुलुंडमध्ये खत करणाऱ्या बाईला मान आहे. सेक्रेटरींनी तर एकदा सभेत माझं नाव घेतलं होतं. वन्संनाही खतच सांगितलंय. श्रुतिकाला तेवढं खरं माहीत, आणि तिने ते श्रेयसला, म्हणजे जावयाला सांगितलेलं नाही, हे तिचे माझ्यावर उपकार.

पण त्या सकाळी मी घाबरले ते झुरळांमुळे नाही. आषाढात माझ्याकडून दूध गॅसवर राहिलं होतं. मी खिडकीशी बसून पेटीत बघत होते आणि पातेलं जळून काळं झालं, शेजाऱ्यांनी बेल वाजवली तेव्हा घरभर धूर. श्रुतिका धावत आली, आधी ओरडली, मग रडली आणि मग म्हणाली, "आई, तू आमच्याकडे ये राहायला. हे घर बंद करूया." मी म्हटलं, एका दुधावरनं घर बंद करतात का? ती म्हणाली, "दूध नाही गं. तुला माहितीये मी काय म्हणतेय." मला माहीत होतं. मग मीच शब्द दिला, की पुन्हा असं काही विसरले तर आपण होऊन सांगेन आणि बॅग भरून येईन. खोटं बोलायचं नाही, लपवायचं नाही. तिने माझा हात धरला होता आणि मी तो शब्द दिला, कारण तेव्हा मला खात्री होती की पुन्हा काही होणार नाही.

खात्रीचं असं आहे की ती आईलाही होती. माझी आई शेवटची वर्षं याच घरात होती. सुरुवात मिठाने झाली. वरणाला ती मीठ घालायची, पाठ वळवायची, पुन्हा घालायची. मी म्हणायचे, आई, घातलंयस तू. ती म्हणायची, "नाही गं, मला आठवत नाही का?" तिचा चेहरा इतका स्वच्छ, इतका ठाम असायचा की दोन-तीनदा मलाच वाटलं, माझंच चुकत असेल. मी ते खारट वरण भातावर घेऊन खाल्लंय, ह्यांनीही मुकाट्याने खाल्लंय. मग एक दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि मला विचारलं, "बाई, हे घर कुणाचं हो?" मला अहो म्हणाली. बाकीचं सगळं मी सोसलं, तिला न्हाऊ घातलं, भरवलं, पण तो "हो" माझ्या कानातून गेला नाही. नंतर किती वर्षं मी रात्री दिवा मालवल्यावर स्वतःला प्रश्न विचारायचे, आज भाजी कुठली केली, कोण आलं, कुठल्या रंगाची साडी नेसले. उत्तरं यायची. पण आईलाही उत्तरं येतच होती की. ती चुकीची होती एवढंच, आणि ते तिला आतून कळायची सोय नव्हती. मला कोपऱ्यात अडलेलं बोट आठवत होतं, अगदी ठाम आठवत होतं, आणि समोर काच लख्ख होती.

मी शोधायला लागले. पहिलं भिंतीवरच्या कॅलेंडरमागे सापडलं, गणेश चतुर्थीच्या चौकोनाच्या बरोबर वर मिशा हलवत बसलेलं. दोन मनीप्लांटच्या कुंडीत. एक देव्हाऱ्याच्या पायरीवर, बाळकृष्णासमोर, आणि तिथून त्याला उचलताना मी उगाच नमस्कार केला, कुणाला ते मला माहीत नाही. एक भिंतीवर इतकं वर की स्टूल घ्यावं लागलं, आणि वितभर अंतरावर पाल त्याच्याकडे बघत होती. वाटी पालथी घालायची, खाली कागद सरकवायचा, वाटीसकट पेटीशी न्यायचं. पायपुसणं झटकलं, त्यातून एक. चपलांच्या कपाटातून एक. प्रत्येक सापडलं की क्षणभर छातीत हलकं व्हायचं आणि मग पुढचा प्रश्न यायचा, एकूण होती किती? मला माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं, कारण पाल्याखालून कधी दोन वर येतात, कधी दहा, आणि त्यांची शिरगणती करावी असं मला कधी वाटलं नव्हतं. आज मात्र ते माहीत नसणं माझ्याविरुद्धचा आणखी एक पुरावा होऊन बसलं. ज्या बाईला आपल्या घरात किती जीव आहेत ते सांगता येत नाही, तिला घर कशाला हवं?

फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. श्रुतिका असेल, संध्याकाळी येते म्हणाली होती, आणि तिच्याशी बोलताना माझा आवाज मला पकडून देईल असं वाटलं. जेवले नाही. दुपारचं ऊन खिडकीतून गेलं तशी घरात एक शांतता पसरली, या शांततेवर मी इतकी वर्षं खूश होते. खाली कुणीतरी मांडवाचे बांबू उतरवत होतं, त्यांचा खडखडाट येत होता. मी पेटीसमोर खुर्ची घेऊन बसले. सापडलेली सगळी पुन्हा पाल्यात शिरली होती, जणू काही झालंच नव्हतं, आणि त्यांच्या दृष्टीने खरंच काही झालं नव्हतं. मला त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला. मनात एक बारीकसा, गोड आवाज म्हणत होता, सगळी सापडलीत, पट्टा लाव, जाळी घाल, कुणाला काय कळतंय? मी व्हॅसलिनची डबी हातात घेतलीसुद्धा. पण मग पुढच्या वेळी काय? आईने मीठ घातलंय की नाही हे तिला सांगायला मी होते. मला सांगायला कोण आहे? भिंतीवरची पाल?

तेव्हा मी उठले आणि कपाटावरून बॅग काढली. धूळ पुसली. दोन साड्या, दोन गाऊन, प्रेशरच्या गोळ्या, चष्म्याचं घर. ह्यांचा फोटो घ्यावा का, असं वाटलं. मग म्हटलं, तो नंतर नेता येईल, लगेच घेतला तर फारच कायमचं वाटेल. अंधेरीला पेटी चालणार नव्हती हे उघड होतं. अंधेरीच्या पुढे दिंडोशीला टेकडी आहे, झाडं आहेत, पाला आहे, तिकडे रिक्षाने जाऊन सोडून येता येईल, असा विचार केला. पण कुडाळच्या काजूखालचा जीव तिथे जगेल की नाही, कोण जाणे. मी जगेन का अंधेरीला, दहाव्या मजल्यावर, दुसऱ्याच्या गॅससमोर, दर वेळी "आई, राहू दे, मी बघते" ऐकत? जगेन. माणूस कुठेही जगतो. साडीची घडी घालता घालता डोळे भरून आले आणि मी ते बिनदिक्कत वाहू दिले, बघायला कोण होतं?

फोन पुन्हा वाजला. या वेळी उचलला, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं. श्रुतिका नव्हती. घाटकोपरहून वन्सं होत्या, ह्यांच्या मोठ्या बहीण, रत्नप्रभा. त्या काल मला मोदकाची पिठी द्यायला आल्या होत्या. दरवर्षी स्वतः तांदूळ धुवून, सावलीत वाळवून दळून आणतात, बाजारच्या पिठीवर त्यांचा विश्वास नाही.

"अगो नलू, फोन काय उचलत नाय तू? सकाळपासून करतंय."

"कामात होते वन्सं."

"बरं ऐक. कालची रिकामी पिशवी सकाळी उघडली. आत काय निघालं सांग."

 मी पलंगावर बसले, बॅगेशेजारी. "काय निघालं?"

"भुंगा गो! काळो कुळकुळीत, वर पांढरे ठिपके. एवढ्या वर्षांत असलो भुंगो बघूक नाय मी. गणपतीच्या तोंडावर आपल्या पायांनी घरात आला. जास्वंदीच्या कुंडीत ठेवलाय त्याला. तुझ्या त्या खताच्या पेटीतलाच असणार, मी पिशवी तिथेच टेकवली होती ना."

"असेल," मी म्हटलं. 

"आणि तुला एक बोलणार होते. राग मानू नको. ती पेटी किती मेणचट करून ठेवलीस गो! तू चहा टाकायला गेलीस आणि मी टेकले तर बोटाला नुसता ओशटपणा. गणपती आठवड्यावर आले. घरात असा चिकटपणा बरा नाय दिसत. साबणाचं फडकं तिथेच पडलेलं, बसल्या बसल्या काढली पुसून. चारी बाजूंनी चकाचक केली."

 बांबूंचा खडखडाट थांबला होता किंवा मला ऐकू येत नव्हता.

"नलू? आहेस ना?"

"काय पुसलंत तुम्ही, वन्सं?"

"कड गो. काचेची वरची कड."

"तिच्यावर ओशट होतं? नक्की?"

"नक्की म्हणजे? जाड थर होता. दोनदा फडकं फिरवावं लागलं. माझी बोटं अजून मऊ लागतायत."

"पुन्हा सांगा."

"रागावलीस तू."

"नाही हो वन्सं. शप्पथ नाही. फक्त पुन्हा एकदा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा बिचकतच, आणि मी ते ऐकत राहिले. मी लावलं होतं. कोपऱ्यात अडलेलं बोट कालचंच होतं. बेल त्यानंतर वाजली होती, आधी नाही. ज्या क्रमाने मला आठवत होतं त्याच क्रमाने ते झालं होतं, आणि माझ्या डोक्याबाहेर, घाटकोपरला, एका म्हातारीच्या मऊ बोटांवर त्याचा दाखला होता. आईला असा फोन कधी आला नाही. मला आला. वन्संना दुसऱ्याच्या घरातला चिकटपणा बघवत नाही, यावरून मी तीस वर्षं त्यांच्यावर आतल्या आत चिडत आले. माझे डबे, माझ्या खिडकीचे गज, माझ्या मिक्सरचं झाकण, काहीही त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. या क्षणी त्या समोर असत्या तर मी त्यांच्या पाया पडले असते.

"रडतेस की हसतेस गो?" त्या म्हणाल्या.

"दोन्ही. वन्सं, तुम्ही फार चांगलं केलंत."

"मग? सांगते काय तुला! आता भुंग्याला काय घालू खायला?"

"काकडी घाला," मी म्हटलं. झुरळ आहे असं सांगितलं नाही. मला महिनाभर भुंगा मिळाला होता, त्यांनाही मिळू दे.

श्रुतिका आली तेव्हा मी जमिनीवर बसून डब्यातले कालचे चकलीचे तुकडे खात होते, कारण एकदम कडकडून भूक लागली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या पलंगावर पाहिलं. "बॅग कशाला? कुठे निघालीस?"

"तुझ्याकडे निघाले होते. आता नाही."

मग सगळं सांगितलं, सकाळच्या चहापासून. ती पर्स न काढता तशीच उभी राहून ऐकत होती. आत्याने कड पुसली इथे आल्यावर तिला हसू फुटलं, ते तिने दाबलं, पुन्हा फुटलं. मग ती माझ्या शेजारी खाली बसली.

"म्हणजे आत्याचा फोन आला नसता तर तू मला सांगणार होतीस?"

"शब्द दिला होता ना."

"यार, आई." तिने डब्यातली चकली घेतली, तोडली, खाल्ली नाही. "परवा माझा कुकर करपला. श्रेयसचा कॉल चालू होता, मी फोनमध्ये, डाळीचा कोळसा. मला कोणी बॅग भरायला नाही सांगितलं."

"तू चाळिशीची पण नाहीस."

"तेच म्हणतेय मी. तो शब्द कॅन्सल. मीच घेतला होता, मीच परत देते. काही झालं तर फोन कर, बास. बॅग नको भरत जाऊस अशी एकटीने." आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, लहानपणी टेकायची तसं, सगळा भार टाकून. तिच्या केसांना बाहेरच्या धुळीचा वास येत होता. आईचं जे झालं ते माझंही होईल की नाही, हे मला कुणी सांगू शकणार नाही, वन्संही नाही. पण ते आज झालेलं नव्हतं. मला तेवढं पुरेसं होतं, पुरेशाहून जास्त होतं.

आम्ही दोघींनी मिळून पट्टा लावला. तिने आधी नाक मुरडलं, मग डबीत बोट बुडवलं आणि पलीकडची बाजू घेतली. मी माझी घेतली, सावकाश, आणि कोपऱ्यात बोट अडलं तेव्हा मुद्दाम क्षणभर थांबले. पाल्यातून एक झुरळ वर आलं, काचेवर चढलं, धुरकट भागापाशी त्याचे पाय घसरले आणि ते टपकन खाली पडलं. श्रुतिका दचकली आणि हसली.

"किती आहेत गं एकूण?" तिने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि बोट पदराला पुसलं.